ओरेगॉनचा किनारा, सायकल आणि तंबू: दिवसाला किती मैल धरावेत?

भटकभवानी
मंडळी, एक घरगुती तंटा सोडवायला मदत हवी आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझा मोठा भाऊ अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचा किनारा सायकलने करायचं म्हणतोय. उत्तरेला अस्टोरियापासून दक्षिणेला ब्रुकिंग्जपर्यंत, साधारण ३७० मैल. राहायचं तंबूत, स्वयंपाक आपला आपण. दादाने एक्सेलमध्ये सात दिवसांचा आराखडा केलाय. ३७० भागिले ७, म्हणजे रोज ५३ मैल, आणि शेवटच्या रकान्यात हिरव्या रंगात "सहज शक्य". माझं म्हणणं, दहा दिवस घेऊ. तो म्हणतो, दहा दिवस लावायचे तर चालतच जाऊ.

माझी तयारी: रोज ऑफिसला जाऊन-येऊन १२ मैल, शनिवार-रविवारी कधीतरी ३०-३५. सामान लादून एकदाही चालवलेली नाही. तंबूत झोपले आहे, पण तो तंबू गाडीच्या डिकीतून आला होता.

असा एक दिवस प्रत्यक्षात कसा जातो? कधी उठता, कधी पोचता, मध्ये काय काय होतं? फोटो बरेच पाहिले. त्यात सगळे सूर्यास्ताकडे बघत चहा पीत असतात. सूर्यास्ताच्या आधीचे बारा तास कुठे जातात ते मला हवंय.

काकाकुवा
दादाचा हिशोब बरोबर आहे. म्हणजे भागाकार बरोबर आहे.

झुळूक
भवानी, तुझा रोजचा वेग इथे विसर. मोकळ्या सायकलवर ताशी १४ मैल जात असशील तर सामान लादल्यावर सपाटीला १० धर आणि चढावर ४. चारवर सायकल सरळ ठेवणं हीच कसरत असते. ५० मैल म्हणजे सहा तास नुसते पेडल मारायचे, आणि थांबे, खाणं, फोटो, "हे बघ सील" असं सगळं धरून नऊ-दहा तास घराबाहेर. घर म्हणजे तंबू.

तेव्हा ५३ अशक्य नाही. पण सरासरी ५३ आणि रोज ५३ यात फरक आहे. मुक्कामाच्या जागा तुमच्या भागाकाराप्रमाणे आलेल्या नाहीत. एखादा दिवस ४० चा होतो, दुसरा ६० चा.

दक्षिणेकडे जाताय हे मात्र उत्तम. उन्हाळ्यात तिथे वारा वायव्येचा किंवा उत्तरेचा असतो, तो पाठीशी राहतो. शिवाय उजव्या बाजूने चालवताना समुद्र तुमच्या बाजूला येतो, दर पॉइंटला रस्ता ओलांडावा लागत नाही.

उंटावरचा_शहाणा
तंबू कशाला पण? त्या किनाऱ्यावर दर पंधरा-वीस मैलांवर गाव आहे. मोटेलात राहा, गरम पाण्याने अंघोळ करा, सामान १५ किलोने कमी होईल आणि दादाचे सात दिवसही जमतील. सगळ्यांचं भलं.

काकाकुवा
@उंटावरचा_शहाणा, ऑगस्टमधले तिथल्या मोटेलांचे दर पाहिलेत का? मग सात नाही, तीनच दिवसांत संपवावंसं वाटेल.

मैलकुली
धागा वाचला आणि राहवलं नाही. आम्ही दोघं (मी आणि एक मित्र) २०१९ च्या ऑगस्टात हेच केलं. तुम्ही एक दिवस मागितलात, तर एकच दिवस सांगतो. केप लुकआउट ते बेव्हर्ली बीच, चौथा दिवस. वही ठेवत होतो म्हणून वेळा आठवतात.

५:४५ ला जाग. घड्याळाने नाही, थंडीने. ऑगस्ट असला तरी पहाटे धुकं इतकं की पाऊस पडून गेलाय असं वाटावं. तंबूचं वरचं कापड बाहेरून धुक्याने ओलं आणि आतून आमच्याच श्वासाने ओलं. पहिले तीन दिवस मी ते हाताने पुसत बसायचो. चौथ्या दिवशी शहाणपण आलं: झटकायचं, वेगळ्या पिशवीत कोंबायचं, कॅरिअरच्या वर बांधायचं आणि दुपारी जेवताना कुंपणावर वाळत घालायचं.

ओट्स, कॉफी, भांडी, स्लीपिंग बॅग दाबून दाबून भरणं, "माझा चमचा कुठाय". निघालो ७:४० ला. म्हणजे दोन तास. हे दोन तास कुणाच्याच एक्सेलमध्ये नसतात.

कॅम्पच्या फाटकातून बाहेर पडलं की लगेच चढ. अंगात ऊब नाही, पोटात ओट्स, आणि समुद्राच्या पातळीपासून अडीच-तीन मैलांत ८०० फुटांच्या आसपास वर. झाडी घनदाट, समुद्र दिसतच नाही, फक्त ऐकू येतो. तो चढ आम्हाला ५० मिनिटं पुरला. वर जॅकेट काढलं, घामाने भिजलेला शर्ट बदलला, जॅकेट परत घातलं, कारण आता उतार आणि बर्फासारखा वारा. हे काढा-घाला दिवसभर चालतं. किनारा नकाशावर निळ्या रेघेला लागून सरळ दिसतो, पायाखाली मात्र करवतीसारखा आहे.

१०:३० ला पॅसिफिक सिटी. इथले मच्छीमार सपाट बुडाच्या डोरी होड्या थेट वाळूवरून लाटांत घालतात, बंदर वगैरे काही नाही. परतताना इंजिन फुल ठेवून होडी सरळ वाळूवर चढवतात. आम्ही ते बघत पाऊण तास घालवला. हा पाऊण तासही एक्सेलमध्ये नव्हता.

नेस्कोविनला मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला. सामान मागे, वजन मागे, आणि तुटतो तो नेमका गिअरच्या बाजूचा, जिथे कॅसेट (मागच्या गिअरच्या चक्रांचा संच) काढल्याशिवाय नवा घालता येत नाही. कॅसेट काढायचं हत्यार? घरी. मित्राने शेजारचे स्पोक थोडे सैल-घट्ट करून चाक बऱ्यापैकी सरळ केलं, ब्रेक एका बाजूने उघडा ठेवला आणि पुढचा दिवस आम्ही देवाचं नाव घेत काढला. एक धडा त्यातून: मागचं थोडं वजन पुढच्या पॅनिअरमध्ये (चाकाच्या बाजूला लटकवायच्या पिशवीत) घाला.

नेस्कोविननंतर १०१, म्हणजे किनाऱ्याचा मुख्य हायवे, सोडून स्लॅब क्रीकचा जुना रस्ता घेतला. दहाएक मैल, गाड्या जवळजवळ नाहीत, ओढ्याकाठी मॉसने भरलेली झाडं. अख्ख्या दिवसातला हाच भाग मला आजही जसाच्या तसा आठवतो, आणि त्यात समुद्र औषधालाही नाही. कुणी "किनाऱ्याचा रस्ता सोडू नका" म्हणालं तर ऐकू नका.

मग लिंकन सिटी. सात-आठ मैल लांब गाव, सिग्नल, सुट्टीवर आलेल्या गाड्या. तिथे किराणा घेतला आणि शक्य तितक्या लवकर पळालो. पण एव्हाना दुपारचे अडीच झाले होते, वारा सुटला होता आणि तो पाठीत होता. सकाळी ज्या पायांना आम्ही शिव्या घालत होतो तेच पाय ताशी १७-१८ ने पळायला लागले. डेपो बेला भिंतीवर बसून ब्रेड खाल्ला. राखाडी देवमासे उन्हाळाभर तिथे किनाऱ्याजवळ चरत असतात. एकाने दोनदा फुत्कार टाकला, तिसऱ्यांदा आम्ही कॅमेरा काढला, तो गेला.

शेवटचा चढ ऑटर क्रेस्टचा. जुना रस्ता, गाड्यांना फक्त दक्षिणेकडे एकेरी आणि सायकलला वेगळी पट्टी. वर केप फाउलवेदर. कॅप्टन कुकने ७ मार्च १७७८ ला हे टोक पाहिलं, हवा भयंकर होती, म्हणून नावच 'वाईट हवेचं टोक'. आम्हाला लख्ख ऊन मिळालं.

६:२० ला बेव्हर्ली बीच. ५९ मैल, त्यात नुसते पेडल मारलेले सहा तास वीस मिनिटं. तंबू, अंघोळ, भात, ट्यूनाचा डबा. ८:३० च्या सुमाराला सूर्यास्त होता. मी तो तंबूच्या जाळीतून पाहिला, आडवा पडून, अर्धा. मित्राने तोही नाही पाहिला.

चहा दोघांपैकी कुणीच केला नाही.

टिकली
मैलकुली, "माझा चमचा कुठाय" 😂 आमच्याकडे हे वाक्य तंबूशिवायही रोज असतं.

खडूस
मैलकुलींची पोस्ट छान आहे पण त्यातून चुकीचा निष्कर्ष निघू नये. सगळे म्हणणार "पहाटे निघा". ओरेगॉनला पहाटे निघून काय मिळतं? धुकं, ओला तंबू आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही न दिसणं. पाठीचा वारा दुपारीच सुटतो: जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरची गार हवा आत ओढली जाते आणि मुळातला उत्तरेचा वारा आणखी जोर धरतो. म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याने दहा वाजता, तंबू वाळवून, पोट भरून निघावं. आम्ही तसंच केलं. ५० मैल, पाच वाजता मुक्कामाला.

झुळूक
@खडूस, वाऱ्याचं पटलं. पण तोच वारा समोरून आल्यावर काय होतं ते बहुतेक तुम्ही पाहिलेलं नाही. उन्हाळ्यातही एखादी ढगाळ लाट येते तेव्हा वारा दक्षिणेचा होतो आणि सोबत पाऊस. त्या दिवशी दहाला निघालात तर अंधारात तंबू लावाल. शिवाय दुपारी रस्त्यावर मोठमोठ्या आरव्ही (राहायची सोय असलेल्या गाड्या) असतात. त्यांच्या बाजूच्या आरशाची उंची आणि माझ्या कानाची उंची सारखीच आहे, हे मी एकदा फार जवळून तपासलं.

खडूस
आरसा सकाळीही तेवढ्याच उंचीवर असतो.

झुळूक
सकाळी त्याचा मालक झोपलेला असतो.

काकाकुवा
धाग्याला आता रंग चढला.

नीलपंख
रस्त्याच्या सुरक्षिततेबद्दल थोडं, कारण भवानीने ते विचारलं नाही आणि विचारायला हवं होतं.

बऱ्याच ठिकाणी पांढऱ्या रेघेबाहेर चांगली तीन-चार फुटांची पट्टी आहे. काही ठिकाणी ती हातभरसुद्धा नाही. बोगदे दोन: कॅनन बीचच्या दक्षिणेला आर्च केपचा आणि हेसेटा हेडजवळचा. दोन्हीकडे आत शिरण्याआधी सायकलवाल्यांसाठी बटण आहे. ते दाबलं की पाटीवरचे दिवे लुकलुकतात आणि गाड्यांना कळतं की आत सायकल आहे. दाबा, मागची रांग जाऊ द्या, मग शिरा. मागचा लाल दिवा भर दुपारीही चालू ठेवा.

आणि पूल! मी पेशाने स्थापत्य अभियंता, त्यामुळे इथे थोडं लांबण लावतो. १०१ वरचे जुने देखणे पूल काँडे मॅकलॉ या अभियंत्याचे. १९३६ मध्ये त्याचे पाच मोठे पूल खुले झाले: याक्विना बे, अल्सी, सियूस्लॉ, अम्पक्वा आणि कूस बे. तोवर तिथे गाड्या फेरीबोटीने पलीकडे जात. अल्सीचा पूल खाऱ्या हवेने इतका खाल्ला की १९९१ मध्ये त्याच्या जागी नवा बांधला. कूस बेचा पूल मैलाहून थोडा जास्त लांब आहे आणि मॅकलॉच्या मृत्यूनंतर त्यालाच त्याचं नाव दिलं. कमानी बघत बसावं असे पूल, पण १९३६ च्या गाड्यांच्या मापाचे. त्यावर आडवा वारा आला की सायकल हातभर सरकते. मी अभियंता असूनही कूस बेच्या पुलावर पदपथावरून सायकल हातात धरून चालत गेलो. त्यात कमीपणा नाही.

उंटावरचा_शहाणा
समुद्राच्या हवेने काँक्रीटचा पूल गेला तर सायकलच्या चेनचं काय होत असेल?

मैलकुली
@उंटावरचा_शहाणा, तांबडी होते, रात्रीत. रोज संध्याकाळी फडक्याने पुसायची आणि थोडंच तेल. चिकट तेल भरपूर घातलंत की वाळू चिकटते आणि चेनचा कानस होतो. वाळूवरून सायकल चालवायचा मोह होतो, ओहोटीला वाळू घट्ट असते म्हणून. एकदा केलं. पुढचे दोन दिवस बेअरिंग दळण दळल्यासारखे वाजत होते.

टिकली
पण तिथली वाळू म्हणे कायद्याने हायवे आहे? कुठेतरी वाचलं होतं.

नीलपंख
होती, खरंच. ओस्वाल्ड वेस्ट नावाच्या गव्हर्नरने १९१३ मध्ये भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर करून घेतला. हेतू हा की कुणी तो विकत घेऊ नये. पुढे १९६७ च्या कायद्याने कोरड्या वाळूवरचा लोकांचा वापरही सुरक्षित केला. त्यामुळे तिथे "खासगी बीच" ही पाटी दिसत नाही. पण सगळ्यांची वाळू म्हणजे कुठेही तंबू असं मात्र नाही. स्टेट पार्कला लागून असलेल्या किनाऱ्यावर आणि बऱ्याच गावांच्या हद्दीत मनाई आहे.

गप्पच_बरी
इथे चार वर्षं नुसती वाचतेय, पहिल्यांदा लिहितेय.

मी हा रस्ता एकटीने केला. ५१ वय होतं, सायकल जुनी, तंबू मुलाचा शाळेतला. भवानी, तुला मैलांपेक्षा मुक्कामाबद्दल सांगते, कारण दिवस तिथेच ठरतो.

तिथल्या बहुतेक स्टेट पार्कांत 'हायकर-बायकर' म्हणून वेगळी जागा राखलेली असते. चालत किंवा सायकलवर येणाऱ्यांसाठीच. आगाऊ नोंदणी लागत नाही, गाडीवाल्यांच्या जागेपेक्षा पैसे खूप कमी, आणि अंघोळीचं गरम पाणी त्यातच. (कॅलिफोर्नियात शिरलात तर शॉवरसाठी नाणी जमवून ठेवा.) बऱ्याच ठिकाणी खाणं ठेवायला कपाटं आहेत, काही ठिकाणी फोन चार्ज करायला कुलूपबंद कप्पेसुद्धा. त्यामुळे दादाने नकाशावर दर ५३ मैलांवर टाचणी लावण्यापेक्षा आधी या जागांवर टाचण्या लावाव्यात आणि मग मैल मोजावेत.

दुसरं. जागा सामाईक असल्यामुळे रोज संध्याकाळी तीच माणसं भेटतात. सगळे एकाच दिशेने, थोड्याफार सारख्याच वेगाने. पहिल्या रात्री कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या रात्री माझी वाट बघत होते, कारण मी सगळ्यांच्या शेवटी पोचायचे. मी रोज ३५-४० च मैल करायचे. एक सत्तरीचं जोडपं होतं, ती बाई माझ्यासाठी टेबलाचं टोक रिकामं ठेवायची. हनीमन पार्कला मी पोचले तेव्हा जोरात पाऊस होता आणि तिने माझा तंबू लावायला घेतला, मी सायकलवरून उतरायच्या आत. तिचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही.

घरी सगळे विचारत होते, एकटी भीती नाही वाटली? रस्त्यावर वाटली, लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक जवळून जायचे तेव्हा. तंबूत नाही.

झुळूक
@गप्पच_बरी, तुम्ही गप्प राहू नका हो.

टिकली
+१. नाव बदला ताई.

काकाकुवा
खाण्याची कपाटं अस्वलांसाठी का?

मैलकुली
रकूनसाठी. अस्वलाला निदान लाज असते. रकून तुमच्यासमोर पॅनिअरची चेन उघडतो. माझ्या डोळ्यांदेखत एकाने मित्राची बॅग उघडली, ओट्स बाजूला केले, साबण हुंगून ठेवला आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी पिशवीसकट नेली. सोलापुरी होती, झणझणीत. झाडीत थोडा वेळ शांतता आणि मग जे काही आवाज आले.

खडूस
परत आला का?

मैलकुली
पुढच्या रात्री दुसरा आला. बहुधा सांगितलं असावं.

उंटावरचा_शहाणा
मोटेलात रकून येत नाही.

दादाची_एक्सेल
नमस्कार. मी तो दादा. बहिणीने लिंक पाठवली, नवीन खातं काढलं.

पहिलं म्हणजे "सहज शक्य" नव्हतं लिहिलं, "शक्य" लिहिलं होतं. हिरवा रंग खरा आहे.

दुसरं, चढाचा रकाना नव्हता हे कबूल. आता घातला आहे. गप्पच_बरी यांच्या सांगण्यावरून मुक्कामाच्या टाचण्याही लावल्या. त्यात असं दिसतंय की सात दिवसांत करायचं तर दोन दिवस ६५ च्या वर जातात आणि त्यातला एक नेमका बॅन्डनच्या दक्षिणेला, जिथे वारा जोरदार असतो म्हणतात. पण पाठीचा वारा असेल तर हरकत काय? आणि खुर्ची न्यावी का? घडीची, ९०० ग्रॅम. बहीण म्हणते नको.

मैलकुली
खुर्ची न्या.

खडूस
खुर्ची नको. ९०० ग्रॅम म्हणजे एक दिवसाचं जेवण.

नीलपंख
पाठ पन्नाशीची असेल तर न्या, तिशीची असेल तर नको.

गप्पच_बरी
मी नेली नव्हती. रोज कुणाची तरी मिळायची.

काकाकुवा
म्हणजे उत्तर: दुसऱ्याला न्यायला लावा.

झुळूक
दादासाहेब, तुमच्या वाऱ्याच्या प्रश्नावर: पाठीचा वारा हिशोबात धरू नका. आला तर लवकर पोचाल. तो धरून ६५ आखलेत आणि त्या दिवशी वारा फिरला तर दोघं भावंडं एकमेकांशी बोलायची थांबाल. माझं आणि नवऱ्याचं हंबग माउंटनच्या अलीकडे असंच झालं होतं. अकरा मैल अबोला. विषय काय तर केळं कुणी खाल्लं.

टिकली
केळं कुणी खाल्लं होतं?

झुळूक
मी. पण तो मुद्दा नाही.

उंटावरचा_शहाणा
अवांतर: सगळीकडे 'सुनामी' लिहिलेल्या निळ्या पाट्या का असतात तिथे? तंबू समुद्राजवळ म्हणून विचारतोय.

नीलपंख
कारण किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राखाली कॅस्केडिया भेग आहे. तिथे २६ जानेवारी १७०० च्या रात्री सुमारे ९ क्षमतेचा भूकंप झाला. तारीख कशी कळली हे भारी आहे. त्याची लाट पॅसिफिक ओलांडून जपानला पोचली आणि तिथल्या दप्तरांत नोंद झाली, "भूकंपाशिवाय लाट आली" म्हणून. इकडच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याने एकदम मेलेल्या झाडांवरून ते जुळवलं. तंबू लावताना पाटीवरचा बाण कुठल्या टेकडीकडे आहे तेवढं बघून ठेवायचं. जमीन जोरात हलली तर भोंग्याची वाट न बघता चालू पडायचं, सायकल तिथेच सोडून.

नेस्कोविनला ओहोटीच्या वेळी वाळूतून बुंधे वर आलेले दिसतात, ते आणखी जुने, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सिट्का स्प्रूस झाडांचे. मैलकुली, तुम्ही तिथेच थांबला होता की!

मैलकुली
मी स्पोककडे बघत होतो हो.

भटकभवानी
सगळ्यांचे मनापासून आभार. तह झाला आहे: नऊ दिवस. सरासरी ४१, सर्वांत मोठा दिवस ५८. खुर्ची दादाच्या सायकलवर. निघायच्या वेळेवर तह झालेला नाही, दादा झुळूक पक्षाचा आणि मी खडूस पक्षाची. पुढच्या रविवारी पूर्ण सामान लादून ३० मैल जाऊन एक रात्र राहून येतोय.

खडूस
पक्षाला पहिली सदस्य मिळाली. धागा वसूल.

टिकली
परत आल्यावर लिही गं, पळून जाऊ नकोस.

भटकभवानी
आलो! तीन आठवडे झाले, आधी लिहायला हवं होतं.

नऊचे साडेनऊ दिवस झाले. पाचव्या दिवशी वारा दक्षिणेचा आणि बारीक पाऊस, झुळूक म्हणाली तस्साच. याहाट्सपासून केप पर्पेटुआ चढताना ताशी साडेतीन मैल. एक आजोबा चालत होते, त्यांनी आम्हाला "गुड मॉर्निंग" म्हणून मागे टाकलं. हेसेटाच्या बोगद्याचं बटण मी दोनदा दाबलं, दादा म्हणतो तीनदा. त्या दिवशी ३४ मैलांना साडेआठ तास लागले, आणि दादाने रात्री खुर्चीत बसून, हेडलॅम्प लावून, फोनवरच्या एक्सेलमधला हिरवा रंग काढून टाकला. मी काही बोलले नाही. खरंच नाही बोलले.

माझं सूर्यास्ताआधीच्या बारा तासांचं उत्तर: दोन तास सकाळी सामान भरण्यात, दोन तास संध्याकाळी सोडण्यात, एक तास अंगावरचे कपडे काढण्या-घालण्यात, एक तास वाण्याच्या दुकानाबाहेर जमिनीवर बसून खाण्यात. उरलेल्यात सायकल. पहिले तीन दिवस मला हे सगळं फार अंगावर आलं, तिसऱ्या रात्री मी दादाला न सांगता बसच्या वेळा शोधल्या होत्या. चौथ्या दिवशी तंबू काढायला वीस मिनिटं लागली आणि मी त्या वेळा परत पाहिल्या नाहीत.

सूर्यास्त एकूण दोन पाहिले. चहा एकदा केला, बॅन्डनला, बुलर्ड्स बीचच्या कॅम्पमध्ये. गप्पच_बरी, शेजारच्या तंबूत एक मुलगी एकटीच आली होती, रात्री नऊला, भिजून. तिच्यासाठी आम्ही टेबलाचं टोक रिकामं केलं. तुमची आठवण आली.

रकूनने काही नेलं नाही. दादाची खुर्ची मात्र एका सकाळी पन्नास फूट लांब उलटी पडलेली होती. वारा की रकून यावर घरात दोन मतं आहेत.

एकच प्रश्न राहिला. तंबू शेवटच्या दिवशी ओलाच भरला आणि घरी आल्यावर आठवडाभर उघडायचा विसरले. आता त्याला जो वास येतोय तो कशाने जाईल?

उंटावरचा_शहाणा
मोटेलाला वास येत नाही.

गप्पच_बरी
कोमट पाणी, अगदी सौम्य साबण, हाताने. मशीनमध्ये नको, आतला थर सुटतो. मग सावलीत दोन दिवस, दोरीवर. माझाही असाच सडत होता, गेला वास.

मैलकुली
थोडा राहतो.